कॉलेजात कोणी विचारत नाही

पहिल्या सत्राच्या सहाव्या आठवड्यात गणिताची चाचणी झाली आणि मला 30 पैकी 9 गुण मिळाले. शाळेत मी कायम पहिल्या पाचांत असायचे. पेपर हातात आला तेव्हा वाटलं, बेरजेत चूक झाली असणार. दोनदा मोजले, नऊच होते. सरांनी पेपर वाटले, फळ्याकडे वळले आणि पुढचा भाग शिकवायला घेतला. रागावले नाहीत, थांबवून काही विचारलं नाही, घरी काही कळवलं नाही. नऊ गुणांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

नंतरची काही वर्षं मी पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना मार्गदर्शन करण्याचं काम केलं. समोर येऊन बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच होती. शाळेत कोणीतरी रोज विचारत असतं. वही पूर्ण केलीस का, गृहपाठ झाला का, काल का आली नाहीस, चाचणीत गुण कमी का. या विचारण्याचा आपल्याला कंटाळा येतो, पण आपला अभ्यास त्याच्या आधाराने उभा असतो. कॉलेजात तो आधार एका दिवसात निघून जातो आणि त्याची सूचनाही कोणी देत नाही. पहिल्या वर्षाची तयारी म्हणजे माझ्या मते एवढंच: ते विचारण्याचं काम आपल्याकडे घ्यायचं.

सुट्टीतली तयारी साधी ठेवा. वर्षभराची पुस्तकं आधीच वाचून काढायचा घाट घालू नका, त्यातलं बहुतेक विसरायला होतं. त्यापेक्षा शाळेतला जो भाग कच्चा राहिला आहे आणि पुढे लागणारच आहे, तो पक्का करा. माझ्या बाबतीत ती बीजगणितातली रूपांतरं होती. पुढे चाचणीत मी नवीन संकल्पनांमध्ये कमी आणि जुन्या आकडेमोडीतच जास्त अडकले. दुसरं, घरी असतानाच महिनाभर स्वतःचा गजर लावून स्वतः उठा. आपले फॉर्म आपण भरा, आपली कागदपत्रं एका फाईलमध्ये लावून त्यांच्या प्रती काढून ठेवा. हे क्षुल्लक वाटतं, पण पहिल्या महिन्यात निम्मा वेळ असल्याच कामांत जातो. लॅपटॉप, बॅग, कपडे यांवर मी काही सांगणार नाही. जे आहे ते चालतं.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि गुणांची विभागणी हातात येते. बहुतेक जण तो कागद मोबाइलमध्ये जपून ठेवतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतात. तो पहिल्याच दिवशी नीट वाचा. अंतर्गत गुण किती, अंतिम परीक्षेला किती, हजेरीची अट काय, उशिरा दिलेलं काम घेतात का, विषय बदलायची शेवटची तारीख कोणती. मग सगळ्या विषयांच्या तारखा एकाच मोठ्या कागदावर मांडा. तो कागद मी दुसऱ्या सत्रात पहिल्यांदा केला आणि अकराव्या आठवड्यात तीन प्रकल्प आणि एक चाचणी एकत्र येत आहेत हे मला तिसऱ्याच आठवड्यात दिसलं. वेगवेगळ्या कागदांवर त्या तारखा निवांत वाटत होत्या.

आणि वेळापत्रकातल्या मोकळ्या जागांनी फसू नका. दिवसाला तीन-चार तास वर्ग, बाकी दिवस रिकामा, असं चित्र दिसतं. अमेरिकी विद्यापीठांत जुना ठोकताळा आहे की वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास अभ्यास धरायचा. युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत तर हे लिहूनच ठेवलं आहे: एक श्रेयांक म्हणजे वर्ग, वाचन, प्रकल्प, परीक्षा सगळं धरून 25 ते 30 तासांचं काम, आणि पूर्ण वर्षाचे 60 श्रेयांक. गुणाकार केला तर वर्षाला 1500 ते 1800 तास होतात. पूर्णवेळ नोकरीएवढं काम आहे हे. फरक इतकाच की नोकरीत आठ तास कुठे बसायचं ते दुसरं कोणी ठरवतं, इथे ते तुम्हाला ठरवावं लागतं. म्हणून दोन वर्गांमधल्या रिकाम्या तासाला आधीच नाव द्या. 'मंगळवारी अकरा ते बारा, ग्रंथालय, कालच्या तासाची उजळणी' असं लिहिलेलं असेल तर पाय तिकडे वळतात. नुसतं 'अभ्यास' लिहिलं तर वळत नाहीत, हे माझं अनेक आठवड्यांचं निरीक्षण आहे.

आता अभ्यासाच्या पद्धतीबद्दल, कारण खरी गडबड इथे होते. आपल्यापैकी बहुतेकांना एकच पद्धत माहीत असते: वाचा, रंगीत पेनाने अधोरेखित करा, पुन्हा वाचा. शाळेत हे चालून जातं, कारण शिक्षक तोच भाग पुन्हा पुन्हा घेतात आणि दर काही दिवसांनी प्रश्न विचारतात. कॉलेजात एक मुद्दा एकदाच शिकवला जातो आणि त्यावरचा प्रश्न दोन महिन्यांनी येतो. मधल्या काळात काय होतं ते हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये मांडलं. तो निरर्थक अक्षरगट पाठ करायचा आणि ठरावीक वेळानंतर तेच पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचा. एका दिवसानंतर आधीच्या कष्टांपैकी साधारण एक तृतीयांशच वाचायचे. अर्थपूर्ण गोष्टी इतक्या वेगाने निसटत नाहीत, पण सुरुवातीची घसरण सगळ्यांत तीव्र असते हे मला माझ्या वह्यांवरूनही पटलं.

यावरचा उपाय 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगातून फार छान समजतो. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के. मला यातला पाच मिनिटांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, आणि त्या क्षणी ते खरंही असतं. म्हणूनच तर आपण त्या पद्धतीला चिकटून राहतो.

मी पुढे जे केलं ते असं. तास संपल्यावर त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत, वही मिटून एका कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. दहा मिनिटं पुरतात. मग वही उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरायचं. तेच तीन दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी. वेगळ्या रंगाचा मजकूर म्हणजे आपल्याला न येणारा भाग, आणि पुढच्या वेळी फक्त त्यावर बसायचं. पहिले काही दिवस कागद जवळजवळ रिकामा राहतो आणि फार निराश व्हायला होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीच जण याच टप्प्यावर सोडून द्यायची आणि पुन्हा वाचनाकडे वळायची, कारण वाचताना बरं वाटतं. कृपा करून दोन आठवडे तरी टिकवा.

टिपणं हाताने काढायची की लॅपटॉपवर, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. 2014 मध्ये एका अभ्यासात हाताने लिहिणारे संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले होते, पण नंतर तेच तपासणाऱ्यांना इतका स्पष्ट फरक आढळला नाही. मी त्यातून एवढंच घेते की शिक्षकांचं वाक्य जसंच्या तसं उतरवू नये. ऐकायचं आणि आपल्या शब्दांत लिहायचं. कशावर लिहिता ते दुय्यम आहे. तयार उत्तरं देणाऱ्या एआय साधनांचंही तसंच. त्यांना तुम्हाला प्रश्न विचारायला लावा, उत्तरं आधी तुम्ही लिहा. आणि दिलेलं काम त्यांच्याकडून लिहून घेणं हा बहुतेक ठिकाणी शिस्तभंग धरला जातो, तेव्हा त्या विषयाचा नियम काय आहे ते आधी विचारून घ्या.

शिक्षकांकडे जाणं ही मला सगळ्यांत उशिरा जमलेली गोष्ट. आमच्या गणिताच्या सरांच्या दारावर पाटी होती: बुधवार, तीन ते चार, विद्यार्थ्यांसाठी. मी रोज त्या दारावरून जायचे. वाटायचं, तिथे हुशार मुलांनी मोठे प्रश्न घेऊन जायचं असतं. चाचणीनंतरच्या बुधवारी मी गेले तेव्हा खोलीत सर एकटेच होते. खुर्ची पुढे सरकवून ते म्हणाले, "बोला, कुठे अडतंय?" मला उत्तर देता येईना. 'काहीच कळत नाही' म्हटलं. त्यांनी पेपर मागितला, तिसरं उदाहरण दाखवलं आणि म्हणाले, "हे माझ्यासमोर करा, बोलत बोलत करा." चौथ्या ओळीत माझी चूक आम्हा दोघांना एकदमच दिसली.

त्यावरून शिकलेलं सांगते. पहिल्या तीन आठवड्यांतच एकदा जाऊन या, अडचण मोठी व्हायच्या आत. जाताना एकच ठरावीक प्रश्न न्या, आणि तो सोडवताना तुम्ही कुठपर्यंत आलात तो कागदही न्या. 'हे प्रकरण समजलं नाही' याला शिक्षकांना काय उत्तर देता येणार? 'तिसऱ्या ओळीपर्यंत आले, इथून पुढे हे कसं आलं ते कळत नाही' याला येतं. ईमेल पाठवत असाल तर विषयाच्या ओळीत विषयाचं नाव लिहा, मजकुरात आपलं नाव, तुकडी आणि प्रश्न, सगळं पाच-सहा ओळींत. 'सर, सिलॅबस काय आहे?' असं विचारू नका, तो तुमच्याकडे आधीच दिलेला असतो.

एक गोष्ट अभ्यासाची नाही, पण अभ्यासावर सगळ्यांत जास्त परिणाम करते. पहिल्या काही आठवड्यांत असं वाटतं की बाकी सगळ्यांना जमतंय, सगळ्यांचे गट झालेत, आपण चुकून इथे आलोय. मी रात्री घरी फोन करून 'सगळं छान आहे' म्हणायचे आणि मग खूप वेळ खिडकीशी बसून राहायचे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला त्या वेळी माहीत असता तर बरं झालं असतं. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी साधारण तासाभराच्या बैठकीत वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. आशय एवढाच होता की आपण इथले नाही असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं आणि ते हळूहळू ओसरतं. तेवढ्यानेही त्यांच्यातल्या आफ्रिकी अमेरिकी विद्यार्थ्यांचे गुण पुढच्या तीन वर्षांत सुधारले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबरचं अंतर जवळपास निम्मं झालं. तेव्हा शेजारी बसलेल्याला सरळ विचारा, 'तुला कसं जातंय?' मी विचारलं तेव्हा समोरची मुलगी रडायलाच लागली. ती वर्गात सगळ्यांत जास्त हसणारी होती. आम्ही दोघींनी मग दर शनिवारी एकमेकींना पाच प्रश्न विचारायचं ठरवलं आणि ते शेवटच्या वर्षापर्यंत चाललं.

उदासी आठवडे उलटले तरी हलत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर समुपदेशकाकडे जा. परीक्षेच्या तोंडावर नव्हे, आधी जा. झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका, रात्रभर जागून वाचलेलं सकाळच्या पेपरात हाती लागत नाही.

आणि समजा पहिल्या चाचणीत गुण खरंच कमी आले, तर त्याच संध्याकाळी पेपर घेऊन बसा. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा: 'न' म्हणजे माहीतच नव्हतं, 'वि' म्हणजे वाचलं होतं पण आठवलं नाही, 'घा' म्हणजे येत असून घाईत चुकलं. माझ्या नऊ गुणांच्या पेपरात गेलेले 21 गुण असे वाटले गेले: 'न' चार, 'वि' अकरा, 'घा' सहा. 'न' असेल तर शिक्षकांकडे जायचं, 'वि' असेल तर कोरा कागद घ्यायचा, 'घा' असेल तर घड्याळ लावून उदाहरणं सोडवायची. तो पेपर अजून माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षाचं कोणी भेटायला आलं की मी तो आधी टेबलावर ठेवते, मग त्यांचा मागते.