आरईसी जास्त निघाली? दंडापर्यंत नेणाऱ्या या चुका टाळा

एक आरईसी (विकता येणारं नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र) म्हणजे ग्रिडमध्ये सोडलेली 1 मेगावॅट-तास, म्हणजेच 1000 युनिट नवीकरणीय वीज. प्रमाणपत्र राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र देतं, पण त्यामागचा आकडा ऊर्जा हिशेबातून येतो. घोळ बहुधा त्याच्याही आधी, मीटरपाशीच झालेला असतो.

सगळ्यात महाग पडतो तो मीटरचा गुणक, म्हणजे मीटरच्या वाचनाला ज्याने गुणून खरी युनिटं काढतात तो आकडा. 33 केव्हीच्या मीटरवर सीटी (प्रवाह कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) 400/1 आणि पीटी (दाब कमी करून देणारा) 33000/110 असेल, तर गुणक 400 × 300 म्हणजे 1,20,000. सीटी बदलून 200/1 बसवली की तो 60,000 व्हायला हवा. जेएमआर (संयुक्त मीटर वाचन) पत्रकात जुनाच राहिला, तर 20 च्या वाचनफरकावर 1200 ऐवजी 2400 प्रमाणपत्रं निघतात. म्हणून सीटी उतरवण्याआधीचं आणि नवी बसवल्यानंतरचं वाचन संयुक्त पाहणीत, सह्यांनिशी नोंदवा. अर्जाला निर्मितीच्या महिन्यापासून 6 महिने मिळतात. कच्च्या आकड्यांवर घाई करू नका.

दुसरी चूक दुहेरी मोजणीची. जी वीज ग्राहकाच्या आरपीओ (ठरावीक वाटा नवीकरणीय वीज घेण्याचं बंधन) पूर्ततेसाठी विकली, वीज बाजारातल्या हरित विभागातली विक्रीही त्यातच आली, तिच्यावर आरईसी मागता येत नाही. पारेषण किंवा व्हीलिंग (वितरण जाळ्यातून वीज नेण्याच्या) आकारात सवलत घेतली असेल तरी पात्रता जाते. खुल्या प्रवेशाचे (दुसऱ्याच्या तारांवरून ग्राहकाला वीज विकण्याचे) करार बदलतात तेव्हा हे हमखास नजरेतून सुटतं. तसंच बायोमासचा 2.5 किंवा जलविद्युतचा 1.5 हा प्रमाणपत्र गुणक (दर मेगावॅट-तासाला किती आरईसी, मीटरच्या गुणकापेक्षा वेगळा) 5 डिसेंबर 2022 च्या आधी सुरू झालेल्या प्रकल्पाला लावू नका.

आता दंड. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 142 खाली दर उल्लंघनाला 1 लाख रुपयांपर्यंत, आणि ते चालूच राहिलं तर दिवसाला 6000 रुपयांपर्यंत जादा. एवढंच ना, असं म्हणून सोडू नका. नोंदणी रद्द झाली तर प्रकल्पाचं आरईसीचं उत्पन्नच थांबतं. शिवाय हे कलम इतर कारवाई अडवत नाही: खोटी कागदपत्रं जोडून पैसे मिळवले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जास्तीची प्रमाणपत्रं लक्षात आली की त्याच दिवशी विक्री थांबवा. राज्य भार प्रेषण केंद्र, प्रकल्पाला आरईसीसाठी मान्यता देणारी राज्य संस्था आणि राष्ट्रीय केंद्र या तिघांना दुरुस्त हिशेबासह लेखी कळवा. पुढच्या महिन्यात कमी दाखवून परस्पर वळतं करू नका, त्याने दुसरा हिशेबही खोटा होतो. काही विकली गेली असतील तर ती रक्कम वेगळी ठेवा. दंड ठरवताना मिळालेला गैरलाभ आणि चुकीची पुनरावृत्ती पाहिली जाऊ शकते. वीज नियामक आयोगाची नोटीस आली तर सुनावणीला गुणकाचा पूर्ण हिशेब न्या. आदेश मान्य नसेल तर विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जायला 45 दिवस असतात.