कोलारचं सोनं समजून घेताना या चुका टाळा

कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स या सोन्याच्या खाणीबद्दल वाचताना आपण मराठी माणसं पहिली चूक करतो ती काळ्या दगडाची. तिथला खडक काळा आणि सह्याद्रीचा कातळही काळा, दोन्हींचं मूळ लाव्हा, म्हणून दोन्ही एकच समजतो. पण दख्खनचा बसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांचा, तर कोलारचा धारवाडी (म्हणजे अतिप्राचीन खडकांचा) पट्टा सुमारे 270 कोटी वर्षांचा. उष्णतेने आणि दाबाने तिथल्या लाव्हाचा ॲम्फिबोलाइट हा रूपांतरित खडक झाला. तुकडा भिंगाखाली धरा: हॉर्नब्लेंड या खनिजाचे काळपट हिरवे, सुईसारखे स्फटिक बहुतेक एकाच दिशेने झुकलेले दिसतात. आपल्या बसाल्टात अशी रांग नसते. असतात त्या पोकळ्या, कुठे झिओलाइट या फिकट खनिजाने भरलेल्या.

'लाव्हाबरोबरच सोनं वर आलं' हेही चुकीचं. लाव्हा थिजल्यावर बऱ्याच काळाने पट्टा चिरडला गेला, त्यात भेगा पडल्या आणि खोलातलं तप्त पाणी गंधकाशी जोडलेलं सोनं घेऊन त्यांतून वर चढलं. वाटेत दाब उतरला, खडकातल्या लोहाने गंधक ओढून घेतलं आणि सोनं सिलिकासोबत, म्हणजे गारगोटीसोबत, भेगेतच बसलं. म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ आधी भेगांची दिशा पाहतात.

तरी प्रत्येक पांढरी गारगोटी सोन्याची नसते. चॅम्पियन लोड या गारगोटीच्या शिरेने खाणीला वैभव दिलं, पण गारगोटीच्या कितीतरी शिरा कोरड्या असतात. उलट पट्ट्याच्या पश्चिमेकडच्या शिरांत सोनं सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजांसोबत आहे; तिथे फक्त गारगोटी शोधणारा ते ओलांडून पुढे जाईल.

चमक पाहून हुरळू नका. टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर कण घासा. सोन्याचा ओरखडा पिवळाच उठतो, सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइट खनिजाचा हिरवट काळा. हातोडीखाली सोनं चपटं होतं, पायराइटचा भुगा होतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. आणि टनामागे पाच-सहा ग्रॅम सोनं असलेल्या चांगल्या खनिजातही डोळ्यांना बहुतेकदा काहीच दिसत नाही.

'सोनं संपलं म्हणून खाण बंद पडली' हे तर सर्रास ऐकू येतं. 800 टनांहून अधिक सोनं देऊन 28 फेब्रुवारी 2001 रोजी ती थांबली, कारण हिशेब जुळेना. काम तीन किलोमीटरपेक्षा खोल गेलं होतं; तिथे उष्णता असह्य, दाबाने खडक अचानक फुटायचा, आणि दर टनामागे मिळणारं सोनं घसरत गेलेलं. (या खोलीचाच फायदा घेऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथे 1965 मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या खुणा टिपल्या. मला त्याचा फार अभिमान वाटतो.)

गावाभोवतीच्या राखाडी टेकड्यांवरून मात्र माती उचलून आणू नका. तो सायनाइड प्रक्रियेतून उरलेला गाळ आहे. त्यात राहिलेलं सोनं इतकं बारीक आहे की घमेल्यात धुऊन ते हाती लागत नाही, आणि धूळ छातीत जाते ती वेगळीच.