कॅम्पसाइट सांभाळताय? या चुका टाळा

नागपूरकडे तंबूत राहायला लोक येतात ते मुख्यतः थंडीत. जागा रामटेकला खिंडसी तलावाजवळची असो की उमरेड रोडवरचं शेत, रात्री अकराला होस्टला उठवणारी तक्रार बहुतेक वेळा दुपारीच तयार झालेली असते.

"तंबू गळतोय"

पाऊस नसताना ही तक्रार आली तर आधी छताला आतून हात लावा. सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर तंबू फाटलेला नाही, ती श्वासाची वाफ आहे. पाहुणे गारठ्याने सगळ्या खिडक्या बंद करतात, वाफ आत कोंडते आणि थंड कापडावर तिचं पाणी होतं. समोरासमोरच्या दोन जाळ्या वरून चार बोटं उघड्या ठेवायला सांगा. बाहेरचं आवरण ताणून घ्या, ते आतल्या कापडाला चिकटलं तर ओल थेट अंथरुणावर येते.

पाऊस पडून पाणी खालून आलं असेल तर ताडपत्री बघा. ती तंबूच्या तळापेक्षा मोठी पसरायची सवय असते. बाहेर राहिलेल्या कडेवर पाणी साचतं आणि तंबूखाली शिरतं. कडा चहूबाजूंनी दोन इंच आत दुमडा.

खुंट्या उपटतात

काळी माती सुकली की दगड, भिजली की लोणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळीचा एक सपाटा आला की तंबूसोबत मिळणाऱ्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या खुंट्या सरळ वर येतात. फूटभर लांबीच्या लोखंडी खुंट्या करून घ्या. डोकं तंबूपासून दूर कललेलं आणि दोरीशी साधारण काटकोन, असं ठोका. जमिनीच्या भेगेत ठोकू नका, तिथे पकड नसते आणि विंचू असू शकतो. तरी हलतच असेल तर रेतीचं पोतं बांधा. नाल्याचा सपाट तळ आणि वाळक्या फांदीखालची सावली, दोन्ही जागा दिसायला छान, दोन्ही सोडा.

पाहुण्यांना चारच्या आत बोलवा. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधारात ठोकलेला तंबू हमखास उतारावर डोकं करून झोपवतो.

विस्तव

सर्वांत महाग चूक इथे होते. वरून राख पांढरी पडली म्हणजे विझलं असं समजतात. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे गोळे, भाजणाऱ्याला विचारा, गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारा, राखेखाली पहाटेपर्यंत जिवंत असतो, म्हणून तर रोडगे आतपर्यंत शिजतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग तळहात नव्हे, हाताची मागची बाजू राखेजवळ धरा. ऊब लागली तर अजून एक बादली. शेकोटी पेटवण्याआधीच भरलेल्या दोन बादल्या शेजारी हव्यात, आणि भोवतालचं गवत किमान दोन मीटर खरडलेलं. वनहद्दीत तर परवानगीशिवाय विस्तव नकोच. वनविभागाचा वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत धरला जातो.

उरलेले निखारे घमेल्यात भरून तंबूत नेणारा एखादा पाहुणा प्रत्येक हंगामात निघतोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. इथे समजावत बसू नका, घमेलं उचलून बाहेर आणा. त्याऐवजी जास्तीचं ब्लँकेट द्या, आणि मुख्य म्हणजे अंगाखाली जाड सतरंजी. थंडी जमिनीतून जास्त चढते.

साप

मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावल्याचं दुखणं फारसं जाणवत नाही, खूणही धड दिसत नाही. त्यामुळे "मुंगी असेल" म्हणून सकाळची वाट बघितली जाते. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर वेळ घालवू नका. ब्लेड नको, घट्ट दोरी नको, मांत्रिक नको. माणसाला चालू न देता 108 ला फोन करा. प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे हंगाम सुरू होण्याआधीच विचारून फलकावर लिहून ठेवा. तंबूची चेन दिवसाही बंद हवी, चपला आत, आणि उष्टं अन्न झाकणाच्या पिंपात. उष्ट्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप.

मार्चमध्ये मोहाच्या झाडाची फुलं गळायला लागली की जंगलालगतचा आराखडा बदला. मोहाखालचे तंबू हलवा आणि उजाडेपर्यंत कुणाला एकटं झाडांकडे जाऊ देऊ नका. फुलं वेचायला पहाटे अस्वलही येतं.