रेकॉर्ड प्लेयर सुधारताय? पैसा चुकीच्या टोकाला घालू नका

माळ्यावरचा एलपीचा खोका खाली आला की पहिला खर्च होतो स्पीकरवर. आमच्या कोल्हापुरात तर हमखास. जितका मोठा आवाज तितकं भारी, हा हिशेब मिरवणुकीत चालतो. बारा बाय दहाच्या खोलीत त्याचा उपयोग नाही. सुईनं खाचेतून जे उचललंच नाही, ते पुढं लाखाचा अँप लावला तरी मिळत नाही. म्हणून बिघाड शोधायचा तो सुईच्या बाजूनं, आणि पैसाही आधी तिथंच घालायचा.

आहे ती सुई, वर रुपया

जुना प्लेयर हाती लागला की त्यातल्याच सुईवर रेकॉर्ड लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. झिजलेली सुई खाचेच्या भिंती खरवडत जाते आणि ते नुकसान कायमचं असतं. गोल टोकाच्या हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण 500 तास धरतात, साधी लंबगोल टोकाची त्याहून लवकर संपते. वीस-पंचवीस वर्षं पडून राहिलेल्या सुईचे तास कुणी लिहून ठेवलेले नसतात, शिवाय तिला धरणारं रबर एव्हाना कडक झालेलं असतं. सरळ नवी घाला. कार्ट्रिजच (सुई जिच्यात बसते ती डबी) बदलायचं असेल तर ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेतलं बघा: बॉडी तीच ठेवून पुढं नुसती वरच्या दर्जाची सुई बसवता येते. हप्त्याहप्त्यानं सुधारणा करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही.

सुई उडायला लागली की घरातलं कुणीतरी सांगतंच, "रुपया ठेव की वर." 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा आहे. व्हीएम95ई या कार्ट्रिजला लागतो 2 ग्रॅम दाब. म्हणजे दाब जवळजवळ तिप्पट झाला. सुई उडण्याची खरी कारणं वेगळी असतात: प्लेयर एका बाजूला कललेला, आर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) बेअरिंगमधलं ग्रीस वाळलेलं, नाहीतर सुईच्या टोकाला धुळीचा बोळा. गवंड्याची लेव्हल बॉटल प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर ठेवून बघितली तरी निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

याच्या उलट चूक शहाणी माणसं करतात. रेकॉर्ड झिजू नये म्हणून दाब कमीत कमी ठेवतात. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, मोठ्या स्वराला भिंतींवर आपटते आणि जास्त नासधूस करते. कंपनीनं दिलेल्या आकड्यांच्या मधोमध राहा. आर्मच्या मागच्या वजनावरच्या खुणांवर फार विसंबू नका. गुजरीतल्या सराफाच्या काट्यासारखाच खिशात मावणारा डिजिटल काटा आता पाचशेच्या आसपास मिळतो, तो ग्रॅमचा शंभरावा भागही दाखवतो. फक्त दोन गोष्टी बघा. एक, काट्याची ताटली स्टीलची असेल तर कार्ट्रिजमधला चुंबक तिला ओढतो आणि आकडा खोटा येतो. मध्ये लाकडाचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा ठेवून अंतर पाडा. दोन, सुई रेकॉर्डवर जितक्या उंचीवर टेकते तितक्याच उंचीवर मोजा. काटा रेकॉर्डवर ठेवून मोजलं तर आर्म वर उचललेला राहतो आणि आकडा बदलू शकतो.

78 च्या तबकड्या

उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यामुळं इथल्या जुन्या घरांत त्यांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाईंच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या निघाल्या तर नवल नाही. त्या एलपीच्या सुईवर वाजवू नका. 78 ची खाच बरीच रुंद असते. तिला साधारण 3 मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोक लागतं, स्टीरिओ एलपीचं असतं 0.7 मिल. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि तळातली सगळी खरखर वर आणते. व्हीएम95 मालिकेत 78 साठी वेगळी सुई मिळते, तीच घाला. या तबकड्या लाखेच्या, त्यामुळं स्पिरिटनं पुसायचं नाव काढू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, पुसलेली तबकडी कायमची गेली.

वायर कुठल्या भोकात?

आवाज बारीक येतोय, बेस गायब, व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी कुजबुज: मॅग्नेटिक कार्ट्रिज थेट अँपच्या ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) लावलंय. त्यातून निघतात जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात. फोनो प्रीअँप ते उलटं करून मूळ तोल परत आणतो. तो नसेल तर नवा अँप घ्यायची गरज नाही, दोन-तीन हजारांतला साधा प्रीअँप चालतो.

आवाज फाटतोय, बेस घुमतोय: प्लेयरमागचं बटण लाइनवर आहे आणि वायर अँपच्या फोनोत. प्लेयरमधला प्रीअँप आणि अँपमधलाही, एकच काम दोनदा होतंय. बटण फोनोवर करा, किंवा वायर ऑक्समध्ये घाला. जुन्या सूटकेस प्लेयरचं सिरॅमिक कार्ट्रिज मात्र ऑक्सलाच लावायचं, त्याचा आवाज मुळात दणदणीत असतो.

सतत "हूं" ऐकू येत असेल तर आधी प्लेयरची बारीक अर्थ वायर अँपच्या मागच्या स्क्रूला बसलीय का बघा. बऱ्याचदा ती मागं नुसती लोंबकळत असते. नंतर अँपचा ट्रान्सफॉर्मर प्लेयरपासून हातभर लांब करा. हूं घालवायला प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग भेटतील. त्यांचं ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

अमेरिकेतून आलेला प्लेयर

पाहुण्यांनी आणलेला 110 व्होल्टचा प्लेयर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो, पण गाणं रडत-रडत येतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, आपल्या विजेच्या 50 हर्ट्झचे अमेरिकेसारखे 60 करायचं काम त्याचं नाही. फ्रिक्वेन्सीवर चालणारी एसी मोटर असेल तर 33⅓ च्या जागी 28 च्या आसपासच फेरे पडतात. त्याला 50 हर्ट्झची पुली लागते. मूळ पुली आणि योग्य माप हातात असेल तर उद्यमनगरात लेथवर ती घडवून मिळण्यासारखी आहे. डीसी मोटरच्या प्लेयरला ही कटकट नाही. वेग तपासायला 180 रेघांची स्ट्रोब तबकडी छापून घ्या. आपल्या विजेवर रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली त्या बहुतेक वेळा कळत नाहीत, जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली बघा.

भैरवीच फाटते

बाजूची सुरुवात स्वच्छ आणि शेवट खरखरीत, ही तक्रार नेहमीची. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर खाच जाते, लेबलजवळ 21 च्या आसपास. कमी जागेत तेवढेच स्वर दाटीनं कोरलेले, म्हणून कार्ट्रिज जरा जरी तिरकं असलं तरी तिथं उघडं पडतं. कार्ट्रिज सरळ करायचा कागदी प्रोट्रॅक्टर फुकट मिळतो. छापताना "फिट टू पेज" बंद ठेवा आणि छापलेली पट्टी फुटपट्टीनं पडताळा.

प्लेयर आणि स्पीकर एकाच कपाटावर ठेवू नका. किचनच्या ओट्याचा उरलेला कडप्पा प्लेयरखाली आणि स्पीकर वेगळ्या स्टँडवर, एवढं बास.

पावसाळा

आपल्याकडचा चार महिन्यांचा ओलावा कव्हरला आधी खातो. पीव्हीसीची चिकट पिशवी काढून टाका, रेकॉर्ड उभ्या ठेवा. बुरशी आली तर विनाइल डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडानं, खाचेच्या दिशेनं पुसा. पंचगंगेचं पाणी घरात शिरलेल्यांनी रेकॉर्ड लगेच भंगारात टाकू नयेत. कव्हर गेलं तरी विनाइलला पाण्यानं काही होत नाही, चिखल धुवून टाकता येतो. पण उन्हात वाळवू नका, वाकडी होईल. पंख्याखाली सावलीत उभी करा.

मग स्पीकर

एवढं झाल्यावर स्पीकरकडं वळायला हरकत नाही. जुन्या स्पीकरचा बेस फडफडत असेल तर आधी कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेची फोमची चकती बोटानं हलकेच दाबून बघा. भुगा हातात आला तर नुसती कड बदलून घ्या, नव्या जोडीच्या मानानं किरकोळ खर्चात काम होतं.