मज्जेतल्या निरोगी पेशी ओळखताना

वर्धेकडच्या आमच्या गावात कापूस वेचत वाढले. आता फ्लो सायटोमीटरच्या, म्हणजे लेझरच्या झोतातून एकेक पेशी नेऊन तपासणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर अस्थिमज्जेतल्या पेशी वेचते. नव्या पोरापोरींना मी म्हणते, बाकी सगळं ठेवा बाजूला, आधी सीडी४५ विरुद्ध साइड स्कॅटर हा आलेख उघडा. सीडी म्हणजे पेशीच्या अंगावरच्या ओळखखुणा, चमकणारा रंग लावून पाहायच्या. साइड स्कॅटर म्हणजे बाजूला उधळलेला उजेड, पेशीत दाणे जास्त तर तोही जास्त. सीडी४५ आडवा, स्कॅटर उभा.

आधी पांढऱ्या पेशींचे तीन प्रकार. उजवीकडे खाली लिम्फोसाइट: सीडी४५ लख्ख, दाणे नाहीत. त्यांच्या वर मोनोसाइट, सीडी१४ आणि सीडी६४वाले. त्याहून वर, जरा डावीकडे, दाण्यांनी भरलेले ग्रॅन्युलोसाइट. डाव्या तळाशी लाल पेशींची पिल्लं, त्यांना सीडी७१वरून धरा. प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मोजक्याच, सीडी३८ झगझगीत, सोबत सीडी१३८.

खरी गंमत सीडी४५ मंद असलेल्या पट्ट्यात. तिथं सीडी३४वाले ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी असतात, आणि हेमॅटोगोनही, म्हणजे बी-पेशींची (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) बाळं. एकदा केमो संपलेल्या लेकराच्या नमुन्यात सीडी१९ आणि सीडी१० एकत्र दिसले. ही जोडी हेमॅटोगोनवर असते, तशी बी-पेशींच्या ल्युकेमियातही (रक्ताच्या कर्करोगात) दिसते, अन् मी सरांना सांगून टाकलं, "ल्युकेमिया परत आला." सर म्हणाले, "सीडी१० आणि सीडी२०चा आलेख काढ बाई." काढला. चिंचेच्या आकड्यासारखी वाकलेली सलग रांग! सीडी१० उतरत जातो, सीडी२० चढत जातो. निरोगी पेशी अशा वयात येताना दिसतात. ल्युकेमियाच्या बहुधा एकाच जागी गोळा होऊन अडकतात. केमोनंतर आणि लहान मुलांत हेमॅटोगोन वाढतातच.

नमुना मात्र सुईनं मज्जा ओढतानाच्या पहिल्या ओढीचा मागा, नंतरच्यात रक्तच जास्त. आणि मे महिन्यात एसटीच्या बोनेटवर तापत आलेला डबा असेल, तर मेलेल्या पेशी आधी वगळा. त्या कुठलाही रंग चिकटवून घेतात.