हरिणाच्या जिभेचं नेचं: या चुका टाळा

नेचं म्हटलं की झालरीसारखी कातरलेली पानं आठवतात. हार्ट्स टंग फर्नचं पान मात्र अखंड, चकचकीत, लांब पट्टीसारखं. हरिणाची जीभ हे नाव त्यावरूनच पडलं. याचा अमेरिकी प्रकार वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पुर्शला १८०७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सापडला. आज अमेरिकेत तो मोजक्याच जागी आहे: न्यूयॉर्कच्या ऑनोंडागा आणि मॅडिसन काउंट्या, मिशिगनचं वरचं द्वीपकल्प, अलाबामा-टेनेसीतले चुनखडीचे खोल खड्डे. कॅनडात ऑन्टॅरिओच्या कड्यांवर तो त्यामानाने सुखात आहे. १९८९ पासून अमेरिकेत त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज किंवा कॅनडातल्या टोरांटोकडच्या झाडवेड्या मराठी मंडळींची सगळ्यात मोठी गफलत म्हणजे नर्सरीतली कुंडी पाहून ‘हेच ते!’ म्हणणं. नर्सरीत बहुधा युरोपातला भाऊबंद मिळतो. त्याची गुणसूत्रं ७२, अमेरिकीची १४४. नुसत्या डोळ्यांना दोघं जवळपास सारखेच. कुंडीत युरोपातला खुशाल वाढवा. पण जंगलालगतच्या बागेत लावू नका. नेच्याचे बीजाणू, म्हणजे ज्यांतून नवं रोप येतं ते धुळीसारखे कण, वाऱ्यावर जातात, आणि एकदा तो कड्यावर रुजला की अस्सल कोण, उपरा कोण, हे पानं बघून ठरवणं अवघड होतं. रानातलं रोप उपटून आणायचा तर विचारही नको.

पान पिवळं पडतंय? आधी माती बघा. नेच्यांना आंबट, पानकुजीची माती लागते हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून आपण कोकोपीट ओततो. या जातीला मात्र चुना हवा. रानात ती डोलोमाइटच्या (चुनखडीसारख्या) दगडांत, थंड, ओलसर सावलीत वाढते. कुंडीत चुनखडीचे खडे मिसळा, पाण्याचा निचरा नीट ठेवा. पानं करपत असतील तर दुपारचं ऊन लागतंय.

पानामागे तपकिरी तिरक्या रेघा दिसल्या की लोक बुरशी समजून औषध फवारतात. अहो, ते बीजाणूंचे पुंजके आहेत! हिवाळ्यात बर्फाखाली पानं आडवी होतात, तीही मेलेली नसतात. हे नेचं बारमाही हिरवं असतं; कात्री दूर ठेवा.

आता प्रत्यक्ष बघायला जाणाऱ्यांसाठी. सिरॅक्यूजजवळ क्लार्क रिझर्वेशन या उद्यानात हिमयुगातल्या धबधब्याने कोरलेलं खोल तळं आहे. अशा जागांच्या उत्तरेकडच्या उतारांवर, दगडांवरच्या शेवाळात हे नेचं रुजतं. बीजाणूतून आधी नखाएवढंही नसलेलं हिरवं पापुद्र्यासारखं रोप येतं. मोठी पानं त्यानंतर. फोटोसाठी पायवाट सोडून उतारावर पाय ठेवलात, तर नेमकी हीच पिढी बुटाखाली जाते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दुर्बीण किंवा झूम वापरा. फोटो टाकताना मोबाइलमधलं ठिकाण बंद करा. दुर्मीळ रोपांचे चोरही तेच फोटो बघत असतात.