उंच शिखराचा अनेक दिवसांचा ट्रेक: या चुका टाळा

चार दिवस सॅक वाहून वरच्या कॅम्पला पोहोचायचं आणि समिटच्या, म्हणजे शिखर चढायच्या, रात्री तंबूत डोकं धरून बसायचं, हे मी एकदा करून बसलोय. दम कमी पडला नव्हता. पहिले दोन दिवस सगळ्यांच्या पुढे पळालो होतो, त्याची फेड होती ती.

3000 मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच जागी करा. दिवसा आणखी वर जाऊन खाली झोपायला आलात तर उत्तमच. 5500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे रोजचं पळणं, जोर-बैठका काही कामी येत नाहीत, शरीराला वेळच द्यावा लागतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नकोसं झालंय? हा उंचीचाच त्रास समजा. आहात तिथेच थांबा, बरं वाटेपर्यंत वर चढू नका. ‘ऊन लागलं असेल’ असं मीही म्हणालो होतो. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर उजाडायची वाट बघू नका. त्या माणसाला लगेच खाली न्या, सोबतीशिवाय पाठवू नका.

गॅसचा डबा भरलेला आहे, तरी स्टोव्ह मिणमिणतोय? डब्यात नुसता ब्युटेन असणार. शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. हेडटॉर्चची बॅटरी आणि पाण्याचा फिल्टरही तिथेच. ओला फिल्टर एकदा गोठला की त्यावर भरवसा नको. (बॅगेत पाय पसरायला जागा उरत नाही, ते सोसायचं.) बाटली मात्र बाहेर ठेवलीत तर उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी झाकणाकडचं पाणी मोकळं सापडतं.

4500 मीटरवर पाणी साधारण 85 अंशांनाच उकळतं. डाळ शिजवत बसलात तर गॅस संपेल, डाळ कच्चीच राहील. गरम पाणी ओतलं की तयार होईल असंच खाणं न्या.

सॅकने खांदे भरून येत असतील तर कमरेचा पट्टा पोटावर बांधलेला असतो. तो कमरेच्या हाडावर घ्या. बुटात कुठे चुरचुरलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावा. ‘पुढच्या विश्रांतीला बघू’ म्हणेपर्यंत फोड आलेला असतो.

समिटच्या दिवशी मागे फिरायची वेळ तंबूतून निघण्याआधीच ठरवा. वर गेल्यावर डोकं ठिकाणावर नसतं आणि शिखर कायम ‘आता हे काय, आलंच’ असं वाटत राहतं. दुपारी ढग भरतात, बर्फ मऊ पडतो आणि उतरायला पाय शिल्लक लागतात. घड्याळ बघायचं काम गटात ज्याला शिखराची हाव सगळ्यात कमी आहे त्याच्याकडे द्या.